यॉर्कशायरचे इंग्रजी चुकीचे आहे का?

प्रश्न नागपूरच्या एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी परिचारिका असून इंग्रजीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन ती उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये लीड्सजवळच्या एका रुग्णालयात रुजू झाली आहे. तिथले रुग्ण आणि सहकारी ‘आय वर सॅट देअर’, ‘आय हॅवन्ट डन नथिंग’ असे सर्रास बोलतात, लंडनकडून आलेली एक सहकारी ‘वी वॉज वेटिंग’ म्हणते, आणि सात वर्षांचा नातूही आता ‘आय वर’ म्हणू लागला आहे. वडील विचारतात की, इंग्रजांनाच इंग्रजी येत नाही, की आपल्याला शाळेत शिकवले तेच चुकीचे होते? मुलीने तिथे कसे बोलावे आणि नातवाला टोकावे की नाही?

परदेशी जाणाऱ्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना इंग्रजी शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. आपल्याला शिकवले ते चुकीचे नव्हते, आणि आपल्या मुलीचे रुग्णही चुकीचे बोलत नाहीत. आपल्याला शिकवली ती प्रमाण इंग्रजी. ती इंग्रजीच्या अनेक बोलींपैकी एक आहे. राजदरबार, छापखाना, शाळा आणि कचेरी यांच्या पाठबळामुळे ती लेखनाची भाषा झाली, एवढाच तिचा इतरांहून वेगळेपणा. खुद्द ब्रिटनमध्ये ती घरात जन्मतः बोलणारे लोक थोडे आहेत. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी हे प्रमाण १२ ते १५ टक्के असावे असा अंदाज मांडला होता. बाकीच्या लोकांना प्रमाण इंग्रजी शाळेत शिकावी लागते. आपल्यापेक्षा त्यांना ती सोपी जाते, कारण त्यांची घरची बोली तिच्या फार जवळची असते, पण शिकावी लागते हे खरे.

पुढे जाण्यापूर्वी एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण आपल्याकडच्या शिकवणी वर्गांनी तो फार वाढवून ठेवला आहे. उच्चाराची ढब वेगळी आणि बोली वेगळी. ढब म्हणजे निव्वळ ध्वनींचा प्रकार, तर बोली म्हणजे व्याकरण आणि शब्दसंग्रह. यॉर्कशायरचा एखादा प्राध्यापक ‘बस’ हा शब्द ‘बुस’च्या जवळ जाणाऱ्या स्वराने उच्चारतो आणि तरीही त्याचे प्रत्येक वाक्य प्रमाण इंग्रजीत असते. प्रमाण इंग्रजी कोणत्याही ढबीत बोलता येते, नागपुरीसुद्धा. रेडिओवर ऐकू येणारा जो उच्चार आपण ‘खरा ब्रिटिश’ समजतो तो तर ब्रिटनमधल्या अगदी थोड्या लोकांचा आहे. ‘ढब घालवून देतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांकडे आपल्या मुलीने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ‘आय वर’ आणि ‘वी वॉज’कडे येतो, कारण आपला खरा आक्षेप इथेच आहे. इंग्रजीतले कोणतेही दुसरे क्रियापद घ्या. भूतकाळात ‘आय वेंट, यू वेंट, शी वेंट, दे वेंट’ असे एकच रूप सर्व पुरुषांना आणि वचनांना चालते. ‘वॉज’ आणि ‘वर’ अशी दोन रूपे फक्त एका क्रियापदाला उरली आहेत, आणि ती जुन्या इंग्रजीतल्या गुंतागुंतीच्या रूपावलीचा अवशेष आहेत. बोलींनी हा एकटा अपवाद घासून सपाट केला. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या बऱ्याच भागात ‘वर’ सगळीकडे पसरले, म्हणून ‘आय वर’, ‘शी वर’. लंडनमध्ये आणि दक्षिणेत इतरत्र ‘वॉज’ पसरले, म्हणून ‘वी वॉज’, ‘दे वॉज’. काही ठिकाणी तर त्याहून नाजूक वाटणी झाली आहे. होकारार्थी वाक्यात सर्वत्र ‘वॉज’ आणि नकारार्थी वाक्यात सर्वत्र ‘वर्न्ट’, म्हणजे ‘आय वॉज’ पण ‘आय वर्न्ट’. होकार आणि नकार कानाला लगेच वेगळे कळावेत अशी ही सोय आहे, आणि प्रमाण इंग्रजीत ती नाही. या तिन्ही व्यवस्थांत नियम आहे, आणि तो प्रमाण इंग्रजीतल्या नियमापेक्षा साधा आहे.

‘हिसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ ही रूपेही अशीच. ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’ यांत पहिला भाग षष्ठीचा असतो. त्याच हिशेबाने ‘हिसेल्फ’ व्हायला हवे, आणि बोलींत ते तसेच होते. प्रमाण इंग्रजी मात्र मध्येच ‘हिमसेल्फ’ असे द्वितीयेचे रूप घेते आणि आपण ते पाठ करतो. नियमबद्धता हाच शुद्धतेचा निकष मानला तर या जागी शाळेच्या व्याकरणाला गुण कमी मिळतील.

‘आय वर सॅट देअर’मधल्या ‘सॅट’चे तर मराठी माणसाला मुळीच आश्चर्य वाटायला नको. आपण ‘मी तिथे बसत होतो’ असे म्हणत नाही. ‘मी तिथे बसलो होतो’ म्हणतो, कारण बसण्याची क्रिया होऊन गेलेली असते आणि नंतरची स्थिती तेवढी चालू असते. उत्तर इंग्लंडची बोली हेच करते. ‘वॉज सिटिंग’ या प्रमाण रूपाशी आपण शाळेत झगडलो तेवढे या रूपाशी झगडावे लागले नसते. अलीकडे ‘वॉज सॅट’ हे रूप दक्षिणेकडेही आणि दूरचित्रवाणीवरच्या सुशिक्षित बोलण्यातही पुष्कळ ऐकू येते, ते पुढेमागे प्रमाण ठरले तर मला नवल वाटणार नाही.

दुहेरी नकाराची गोष्ट सांगताना जरा मागे जावे लागेल. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने आपल्या काव्यातल्या एका सरदाराचे वर्णन करताना तो कधी कोणाला वावगे बोलला नाही हे सांगायला दोन ओळींत चार नकार वापरले. त्या काळी नकारावर नकार चढवला की नकार पक्का होत असे. स्पॅनिश आणि रशियन भाषांत आजही तसेच होते. पुढे लेखनाच्या भाषेतून ही पद्धत हळूहळू मागे पडली, आणि अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी तिच्यावर तर्कशास्त्राचा शिक्का मारला की दोन नकार एकमेकांना छेदतात आणि होकार उरतो. रॉबर्ट लोथ या धर्मगुरूचे १७६२ मध्ये निघालेले व्याकरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांत प्रमाण मानले गेले. त्यांनी ‘यू वॉज’ या प्रयोगावरही कडक टीका केली, आणि ती करावी लागली याचाच अर्थ असा की तो त्या काळच्या शिकल्यासवरल्या लोकांच्या लेखनात होता. लेखनात नियम झाला, पण बोलणारे चॉसरच्या वाटेनेच चालत राहिले. शस्त्रक्रियेच्या आधी ‘आय हॅवन्ट हॅड नथिंग टु ईट’ असे सांगणारा रुग्ण उपाशी आहे, त्याने काहीतरी खाल्ले आहे असे नाही. गणित लावून त्याचा होकार करणारी परिचारिका भलत्याच अडचणीत सापडेल.

बोलींना व्याकरण नसते असे म्हणणाऱ्यांसमोर मी नेहमी उत्तरेकडचा एक जुना नियम ठेवतो. ‘दे पील देम अँड बॉइल्स देम’ हे वाक्य पाहा. ‘पील’ला ‘एस’ नाही आणि ‘बॉइल्स’ला आहे, मग हा निष्काळजीपणा वाटतो. प्रत्यक्षात नियम असा की ‘आय’, ‘वी’, ‘दे’ यांसारखे सर्वनाम क्रियापदाला चिकटून असेल तर क्रियापद कोरे राहते, आणि ते दूर गेले किंवा त्याच्या जागी नाम आले की ‘एस’ लागतो. म्हणून ‘दे सिंग’, पण ‘द बर्ड्‌स सिंग्ज’. मध्ययुगात उत्तर इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये हा नियम लेखनातही काटेकोर पाळला जाई. आज तो पुष्कळ विरळ झाला आहे, पण गेलेला नाही. आणि गंमत पुढेच आहे. प्रमाण इंग्रजीत ‘ही गोज’, ‘शी कम्स’मध्ये जो ‘एस’ लावायला विसरलो म्हणून आपण शाळेत छड्या खाल्ल्या, तो मुळात उत्तरेकडचा आहे. दक्षिणेत ‘कमेथ’, ‘हॅथ’ अशी रूपे होती आणि १६११ च्या बायबलच्या भाषांतरात ती जागोजागी सापडतात. उत्तरेचा ‘एस’ लंडनमध्ये शिरला, रुळला आणि प्रमाण झाला. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामेसुद्धा उत्तरेत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आली. चॉसरच्या लेखनात ‘दे’ आलेले दिसते, पण ‘देम’ आणि ‘देअर’च्या जागी अजून जुनी दक्षिणी रूपेच आहेत.

यॉर्कशायरशी या स्कँडिनेव्हियन लोकांचा संबंध घट्ट आहे. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतले आणि ८७६ मध्ये त्या मुलखातल्या जमिनी आपसांत वाटून ते शेती करू लागले. गावांच्या नावांतले ‘बी’ आणि ‘थॉर्प’ हे शेवट, ओढ्याला ‘बेक’, खेळण्याला ‘लेक’ हे शब्द त्यांचे. आपल्या नातवाला मैदानावर कोणी ‘आर यू लेकिंग?’ विचारले तर ते तळ्याबद्दल नसते.

मग यॉर्कशायरची बोली प्रमाण का झाली नाही? तिच्यात काही कमी होते म्हणून नव्हे. सत्ता, व्यापार, न्यायालये लंडनला होती. पूर्व-मध्य इंग्लंडमधून तिथे माणसे मोठ्या संख्येने येत होती, आणि केंब्रिज व ऑक्सफर्डही फार दूर नव्हती. पंधराव्या शतकात राजाच्या कचेऱ्यांतले कागद फ्रेंच आणि लॅटिनऐवजी इंग्रजीत निघू लागले तेव्हा ते या पट्ट्यातल्या इंग्रजीत निघाले. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला की छापायचे कोणत्या इंग्रजीत. १४९० मधल्या एका प्रस्तावनेत त्याने सांगितलेला किस्सा मला बोलीविषयीच्या सगळ्या जाडजूड ग्रंथांपेक्षा बोलका वाटतो. काही व्यापारी टेम्स नदीतून जहाजाने आजच्या नेदरलँड्समधल्या झीलंडकडे निघाले होते. वारा पडला म्हणून ते केंटच्या किनाऱ्याला थांबले. त्यांच्यातला शेफेल्ड नावाचा एक कापडवाला एका घरी गेला आणि त्याने खायला ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ हवीत असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, आता कळले. दोन्ही शब्दांचा अर्थ अंडी. ‘आयरेन’ हा दक्षिणेतला जुना शब्द आणि ‘एग’ हा स्कँडिनेव्हियन वळणाचा उत्तरेकडचा. केंटच्या बाईला जो परका वाटला तोच शब्द आज जगभर पाठ्यपुस्तकात आहे, आणि तिचा घरचा शब्द नाहीसा झाला.

पुढच्या शतकात निवड पक्की झाली. १५८९ मध्ये जॉर्ज पटनम यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात कवीला सल्ला दिला आहे की, दरबारची, लंडनची आणि लंडनच्या आसपास ६० मैलांच्या आतली भाषा वापरावी, ट्रेंट नदीपलीकडच्या उत्तरेची वापरू नये. लीड्स ट्रेंटच्या उत्तरेला आहे, म्हणजे आपल्या मुलीचे रुग्ण त्या काळापासूनच हद्दीबाहेर आहेत. पण हाच ग्रंथकार पुढे कबूल करतो की उत्तरेचे इंग्रजी अधिक शुद्ध सॅक्सन आहे, फक्त ते दरबारी नाही आणि चलनात नाही. सोळाव्या शतकातला हा लेखक आजच्या अनेक शिक्षकांपेक्षा प्रामाणिक होता. भाषेची शुद्धता आणि तिची प्रतिष्ठा या दोन गोष्टी त्याने निराळ्या ठेवल्या.

उत्तरेच्या बोलींचा नीट अभ्यास व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि तो करणाऱ्यांपैकी ज्या माणसाविषयी मला सर्वांत अधिक आदर आहे तो आपल्या मुलीच्या आजच्या मुलखातलाच. जोसेफ राइट यांचा जन्म १८५५ मध्ये ब्रॅडफर्डजवळ झाला. सहाव्या वर्षी ते खाणीवर गाढवे हाकायला लागले, नंतर सॉल्टेअरच्या गिरणीत कामाला गेले, आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यानंतर ते रात्रीच्या वर्गात शिकले, जर्मनीत हायडेलबर्गला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले, आणि आपल्याकडे मोक्षमुल्लर या नावाने ओळखले गेलेले माक्स म्युलर ज्या पदावर होते त्या ऑक्सफर्डच्या तौलनिक भाषाशास्त्राच्या प्राध्यापकपदावर १९०१ मध्ये बसले. १८९२ मध्ये त्यांनी आपण जिथे वाढलो त्या विंडहिल गावच्या बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश. गिरणीतल्या पोराच्या तोंडची भाषा ध्वनिनियमांनिशी, संस्कृतच्या किंवा गॉथिकच्या बरोबरीने, अभ्यासाला घेता येते हे त्यांनी करूनच दाखवले.

त्यानंतर लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी बोलींची पाहणी करवली. प्रश्न १३०० हून अधिक होते, आणि उत्तरे देणारे बहुतेक खेड्यात जन्म काढलेले वयस्क पुरुष होते. वस्तूचे नाव न घेता प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या तोंडून त्याचाच शब्द यावा, अशी त्यांची शिस्त होती. गाई बांधायच्या जागेला कुठे ‘शिपन’, कुठे ‘बायर’, तर लीड्स-ब्रॅडफर्डकडे ‘मिस्टल’ हे शब्द मिळाले. गोठे गेले तसे हे शब्दही आता क्वचितच ऐकू येतात. बोली बदलतात आणि काही शब्द मरतात, पण ‘आय वर’सारखे व्याकरण सहसा शब्दांपेक्षा चिवट असते.

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल की प्रमाण भाषेला निदान कानाला गोड असण्याचा तरी मान द्या. तोही मला देता येत नाही. इंग्लंडमध्ये ‘कार’ किंवा ‘फोर्थ’ या शब्दांतला ‘र’ गाळणे हे प्रतिष्ठित उच्चाराचे लक्षण आहे, आणि नैर्ऋत्येकडचा शेतकरी तो ‘र’ उच्चारतो म्हणून त्याला गावंढळ समजतात. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलट आहे. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तिथल्या तीन दुकानांत एक साधी युक्ती केली. चौथ्या मजल्यावर काय मिळते ते आधी पाहून घ्यायचे आणि विक्रेत्याला त्याच वस्तूची जागा विचारायची, म्हणजे तो ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणणारच. मग ऐकू न आल्याचे भासवून पुन्हा विचारायचे, म्हणजे तो ते जरा जपून उच्चारेल. अशी २६४ माणसे त्यांनी तपासली. उंची मालाच्या सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी ‘र’ पूर्ण किंवा काही वेळा उच्चारला, मध्यम दराच्या मेसीजमध्ये ५१ टक्के, आणि स्वस्त मालाच्या क्लाइनमध्ये जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास. एकच ध्वनी अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर खानदानी आणि दुसऱ्यावर गावठी ठरतो. म्हणजे गोडवा ध्वनीत नाही, तो कोणाच्या तोंडी आहे यात आहे.

बीबीसीने १९२६ मध्ये उच्चारांविषयी सल्ला देणारी समिती नेमली आणि निवेदकांची एकच ढब ठरून गेली. १९४१ मध्ये हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवले तेव्हा यॉर्कशायरच्या उच्चारात बातम्या ऐकून पुष्कळ श्रोते रागावले, आणि त्यांत उत्तरेकडचेही होते. आपली बोली प्रतिष्ठेच्या जागी ऐकू आली की बोलणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे होते. हे आपण नागपूरकरांनी ओळखायला हरकत नाही. ‘काय करून राहिला?’ हे वाक्य पुण्यात बोलल्यावर समोरचा हसतो आणि आपण पुढच्या वेळी ‘काय करतो आहेस?’ म्हणतो, पण ‘करून राहिला’ या रूपाचा नियम चोख आहे आणि तो आपल्यापैकी कोणीही चुकवत नाही.

आता चूक कशाला म्हणायचे, हे सांगणे माझे काम आहे, नाहीतर ‘सगळेच बरोबर’ असा अर्थ निघेल आणि तो मला मान्य नाही. एखादे रूप एखाद्या समाजात लहानपणापासून सगळे वापरत असतील, त्यामागे नियम असेल आणि तिथल्याच माणसाला ते खटकत नसेल, तर ती बोली. आपला विद्यार्थी ‘शी गो यस्टर्डे’ म्हणतो, उद्या ‘शी गोड’ म्हणतो आणि परवा ‘शी वेंट’ म्हणतो, ती चूक, कारण तो अजून शिकतो आहे आणि त्याचे रूप कुठेच स्थिर नाही. या कसोटीवर भारतीय इंग्रजीचेही पुष्कळ काही बोलीत जमा होते. ‘प्रीपोन’, प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणारे ‘इजन्ट इट’, ‘आउट ऑफ स्टेशन’ ही रूपे लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. लंडनची मुले ‘इनिट’ तसेच वापरतात. मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी भारतासारख्या देशांतल्या इंग्रजीला स्वतःचे नियम आहेत ही भूमिका मांडली, आणि रँडल्फ क्वर्क यांच्यासारख्या मोठ्या व्याकरणकाराशी त्यांचा १९९० च्या सुमारास त्यावर चांगलाच वाद झाला. शिकवताना एक प्रमाण हवे, हे क्वर्क यांचे म्हणणे मला व्यवहारात पटते. पण ते प्रमाण कोठले आणि कशासाठी, हा कचरूंचा प्रश्न टाळता येत नाही.

प्रमाण भाषा गरजेची नाही, असे सुखवस्तू विद्वान म्हणतात तेव्हा मला राग येतो. ती त्यांना घरातच मिळालेली असते. नोकरीचा अर्ज, न्यायालयातले निवेदन, रुग्णाच्या नोंदी प्रमाण इंग्रजीतच लिहाव्या लागतात, आणि त्यातून लीड्सची, मँचेस्टरची आणि नागपूरची माणसे एकमेकांना वाचू शकतात. गिरणीतून आलेल्या राइट यांनीही आपला कोश प्रमाण इंग्रजीतच लिहिला.

आपल्या मुलीसाठी यावरून निघते ते असे. तिने बोलावे तिला शिकवलेले प्रमाण इंग्रजीच, आपल्या ढबीत, जरा सावकाश. यॉर्कशायरच्या बोलीची नक्कल करू नये. परक्या माणसाने ‘आय वर’ म्हटले तर काहींना ते खोटे वाटते आणि काहींना थट्टा. काही वर्षांनी ते आपोआप तोंडात आले तर येऊ द्यावे. समजणे मात्र पूर्ण हवे, आणि आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी इथे अपुरी पडते. ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘ओट’ म्हणजे काहीही, ‘समट’ म्हणजे काहीतरी. ‘पूअरली’ म्हणजे आजारी, आणि डॉक्टरसुद्धा अत्यवस्थ रुग्णाला ‘व्हेरी पूअरली’ म्हणतात. जुन्या पिढीतली आजी ‘आयम स्टार्व्ड’ म्हणाली तर ती उपाशी असेलच असे नाही, तिला थंडी वाजत असेल. ‘मार्डी’ म्हणजे कुरकुरा, रुसलेला. ‘डिनर’ बऱ्याच घरांत दुपारचे असते आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण, त्यामुळे जेवणाआधीची गोळी ‘बिफोर डिनर’ म्हणून सांगताना दुपार की रात्र हे स्पष्ट बोलावे. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे. आणि ‘व्हाइल’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. यॉर्कशायरमध्ये त्याचा अर्थ ‘पर्यंत’ असाही होतो. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. हा अर्थ मॅकबेथच्या तोंडीही आहे, पण पाळीच्या वेळा ठरवताना शेक्सपिअर उपयोगी पडत नाही, विचारून घ्यावे.

उलट बाजूने, आपल्या इंग्रजीतले काही शब्द तिने तिथे बाजूला ठेवावेत. ‘आय पास्ड आउट इन २०१८’ हे ऐकून सहकारी विचारतील की बेशुद्ध का पडलीस. ‘द पेशंट एक्स्पायर्ड’ हे तिथे औषधाच्या मुदतीसारखे वाटते, ‘डाइड’ असे सरळ लिहावे. ‘डू द नीडफुल’ कळते, पण जुन्या पत्रासारखे वाटते. यांपैकी एकही शब्द अशुद्ध नाही, मात्र रुग्णालयात गैरसमजाला जागा ठेवून चालत नाही. रुग्णाच्या नोंदी प्रमाण इंग्रजीत कराव्यात, आणि त्याने तक्रार स्वतःच्या शब्दांत सांगितली असेल तर ते शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे टिपून खाली अर्थ लिहावा. ‘स्टार्व्ड’चे ‘हंग्री’ करून लिहिले की माहिती बदलली. कोणी ‘लव्ह’ म्हणून हाक मारली तर त्यात लगट नाही, दुकानदार, बसचालक आणि आजीबाई सगळ्यांना तसेच बोलावतात.

नातवाला बोलताना टोकू नये. सात वर्षांचे मूल आपल्या सवंगड्यांची भाषा उचलते, आईबापांची नाही, आणि वर्गात तो परका वाटू नये याची ती सोय आहे. इंग्लंडच्या २०१४ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना, बोलीतली रूपे आणि प्रमाण रूपे यांतला फरक शिकवायचा असतो, आणि तिथे दिलेल्या उदाहरणांत ‘वी वॉज’ऐवजी ‘वी वर’, ‘आय डन’ऐवजी ‘आय डिड’ ही रूपे आहेत. म्हणजे हा धडा त्याच्या शेजारच्या गोऱ्या मुलालाही त्याच वर्गात घ्यावा लागणार आहे. तोवर गृहपाठाच्या वहीत ‘आय वर’ दिसले तर आईने ‘लिहिताना आय वॉज’ एवढे सांगावे, आणि मैदानावरून तो ‘आय वर’ म्हणत आला तर खेळ कसा झाला ते विचारावे. मराठी मात्र घरी बोलत राहावे, आणि त्यात ‘करून राहिलो’ आले तरी चालेल.